टाचण्या टोचा, चुंबक ओळखा!

सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या घरी यंत्रमाग असेल तर चादरीची एखादी चिंधी मागून आणा. नसेल तर जुन्या चादरीची कड चालेल, आईला विचारून! हातभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि ते दुसऱ्या टोकाला शिवून टाका. पीळ पडलेलं हे कडं म्हणजे मोबियसची पट्टी.

आता त्यात ओळीनं टाचण्या टोचत चला. बोटं सांभाळा! नियम एकच: प्रत्येक टाचणीचं डोकं शेजारच्या टाचणीच्या डोक्याच्याच बाजूला हवं. फेरी पुरी करून पहिल्या टाचणीपाशी आलात, की बघा, शेवटचीचं डोकं या अंगाला आणि पहिलीचं त्या अंगाला! पुन्हा सुरुवात केलीत तरी तेच. कुठं तरी दोन शेजारणींची तोंडं उलटी होणारच, कारण कड्याचा आकारच तसा आहे.

लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकलं चुंबक. या अणुचुंबकांनाही शेजाऱ्याच्याच दिशेला तोंड करून राहायचं असतं. मग लोहचुंबकी धातूची अगदी इवलीशी मोबियस पट्टी केली आणि तिच्यात अणुचुंबकं या टाचण्यांसारखी उभी राहिली, तर? युक्रेन आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली गणितानं दाखवून दिलं, की तोंडं उलटी होण्याची जागा तिथंही असतेच. तिला चुंबकीय भिंत म्हणतात. वीज नाही, बाहेरचं चुंबक नाही, नुसता आकार हे घडवतो! मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं. पीळ न देता पट्टी नुसती वाकवली तरी अणुचुंबकांची वागणूक बदलते. मात्र वाक नॅनोमीटरच्या मापाचा हवा. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात, एवढं ते माप लहान.

पण धातू वाकवला तर तुटणार नाही का? वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. थर जितका पातळ, तितका ताण कमी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञ मकारोव यांच्या गटानं प्लॅस्टिकच्या तलम पापुद्र्यावर चुंबक ओळखणारे सेन्सर बसवले. सगळं मिळून जाडी २ मायक्रोमीटरपेक्षा कमी, वजन चौरस मीटरला ३ ग्रॅम. म्हणजे ६० बाय ९० इंची सोलापुरी चादरीएवढा पापुद्रा केला तर तो भरेल जेमतेम १० ग्रॅम! चुरगाळला तरी सेन्सर चालूच. म्हणून तो हाताच्या कातडीवर बिनघोर चिकटवता येतो.

पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणं मात्र साधं चुंबक ओळखण्याहून अवघड. सोलापुरात ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकापेक्षा शंभरेक पटीनं क्षीण. ते मोजणं किती नाजूक काम! मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्या विजेनं मोजमाप बिघडणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली होती.

ड्रेस्डेनकरांनी २०१८ मध्ये पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणारं होकायंत्र बोटावर आणलं. त्यात लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या आहेत. चुंबकत्वाची दिशा बदलली की पट्टीचा विजेला होणारा विरोध बदलतो. हात उत्तरेकडून दुसरीकडे वळवला, की विजेचा आकडा हलतो. त्याच आकड्यावर त्यांनी संगणकाच्या पडद्यावरचा एक पांडा चालवून दाखवला.