युरियाच्या पोत्यावरचा ४६ हा आकडा

पेरणीच्या दिवसांत धाराशिव, कळंब किंवा उमरगा येथील कोणत्याही खताच्या दुकानात गेलात, तर युरियाच्या पोत्यावर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले दिसेल. नत्र म्हणजेच नायट्रोजन. हा ४६ चा आकडा आला कोठून? प्रयोगशाळेत न जाता तो तुम्हाला वहीत काढून पाहता येईल. त्यासाठी ‘मोल’ ही कल्पना मात्र नीट समजली पाहिजे.

रासायनिक क्रियेत अणू व रेणू संख्येने भाग घेतात. दुकानात मात्र पदार्थ वजनाने मिळतो. मग वजनावरून संख्या कशी ओळखावी? समजा, ज्वारीच्या १०० दाण्यांचे वजन ३ ग्रॅम आणि सोयाबीनच्या १०० दाण्यांचे १२ ग्रॅम भरले. तर ३ किलो ज्वारीत जितके दाणे, तितकेच १२ किलो सोयाबीनमध्ये असणार, म्हणजे प्रत्येकी एक लाख. दाणे न मोजता, केवळ तराजूने आपण संख्या सारखी केली.

अणूंचेही असेच आहे. पूर्णांकात सांगायचे तर हायड्रोजनचे अणुवस्तुमान १, कार्बनचे १२, नायट्रोजनचे १४ व ऑक्सिजनचे १६ आहे. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन, १४ ग्रॅम नायट्रोजन व १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखीच असते. तेवढ्या संख्येच्या समूहाला एक मोल म्हणतात. बारा वस्तूंचा डझन, चोवीस कागदांचा दस्ता, तसाच हा मोल. फक्त फार मोठा. ६०२२१४०७६ या आकड्यापुढे १५ शून्ये लिहा, म्हणजे एका मोलमधील कणांची संख्या मिळेल. पूर्वी ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल’ अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून वरील संख्याच नेमकी ठरवून देण्यात आली आहे. शाळेतल्या गणितांत त्यामुळे काही फरक पडत नाही.

आता युरियाकडे वळू. त्याच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. म्हणून एक मोल युरियाचे वस्तुमान असे :

१२ + १६ + (२ × १४) + (४ × १) = ६० ग्रॅम

यांपैकी नायट्रोजन २८ ग्रॅम. २८ ला ६० ने भागून १०० ने गुणले की ४६.७ टक्के येतात. हे झाले शुद्ध युरियाचे. बाजारातील खतात थोडा ओलावा व इतर पदार्थ असतात, म्हणून पोत्यावर ४६.

कारखान्यात युरिया तयार होतो तो अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यापासून. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील थळ येथे असा मोठा कारखाना आहे. अमोनियाचे २ रेणू आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा १ रेणू मिळून युरियाचा १ व पाण्याचा १ रेणू होतो. येथे पुष्कळ विद्यार्थी २ ग्रॅम अमोनियाला १ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड असे धरतात. ते चूक आहे. २ आणि १ हे मोल आहेत, ग्रॅम नव्हेत. अमोनियाचा एक मोल १७ ग्रॅम, म्हणून दोन मोल ३४ ग्रॅम. त्यांना कार्बन डाय-ऑक्साइडचा एक मोल, म्हणजे ४४ ग्रॅम लागतो. तयार होतो ६० ग्रॅम युरिया व १८ ग्रॅम पाणी. रेणू तिनाचे दोन झाले, पण वस्तुमान दोन्ही बाजूंना ७८ ग्रॅमच राहिले.

या गणिताचा शेतात उपयोग काय? समजा, माती परीक्षणानंतर हेक्टरी ४० किलो नत्र द्या, असा सल्ला मिळाला. ४० किलो नत्र म्हणजे ४० किलो युरिया नव्हे. ४० भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया हवा. पोते आता ४५ किलोचे असते (२०१८ पूर्वी ते ५० किलोचे होते), म्हणजे जवळजवळ दोन पोती. अमोनियम सल्फेटच्या १३२ ग्रॅम मोलमध्येही नायट्रोजन २८ ग्रॅमच असतो, म्हणजे सुमारे २१ टक्के. तेवढ्याच नत्रासाठी ते १९० किलोच्या आसपास लागेल. मात्र त्यातून सोयाबीनसारख्या गळिताच्या पिकाला उपयोगी असे गंधकही मिळते. तेव्हा दोन खतांची तुलना करताना नुसती पोत्याची किंमत पाहू नका. त्या किमतीला पोत्यातील नत्राच्या किलोंनी भागा आणि सोबत आणखी काय मिळते तेही पाहा.

आता एक गणित तुमच्यासाठी : १०० किलो शुद्ध युरिया तयार करण्यास किती अमोनिया लागेल? उत्तर ५७ किलोच्या जवळपास आले, तर मोल तुम्हाला समजला असे खुशाल माना. नाही आले, तर ज्वारी-सोयाबीनचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि घरच्या मूठभर दाण्यांवर तो करून पाहा.