ऱ्हासाला नेमके नाव हवे

विहिरीला पाणी उरले नाही म्हणजे परभणी जिल्ह्यातील शेतकरी 'विहीर आटली' असे म्हणतो. गोदावरीचा पूर मात्र आटत नाही, तो ओसरतो. जमिनीचा कस उतरतो, बैल खंगतो, वाडा ढासळतो आणि कापसाचे भाव पडतात. प्रत्येक अवनतीला निराळे क्रियापद आहे. काय खालावले आणि कसे, हे त्यातून तत्काळ कळते.

हाच विषय सरकारी अहवालात शिरला, की ही क्रियापदे लोपतात आणि 'घट' व 'ऱ्हास' एवढेच शब्द उरतात. याचा दोष इंग्रजीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 'डिक्लाइन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ कलणे, 'डीके'च्या मुळाशी पडणे, 'डिग्रेडेशन'च्या मुळाशी पायरी, तर 'इरोजन'च्या मुळाशी कुरतडणे. पाणी व वारा जमीन कुरतडतात, हे शेवटच्या शब्दातच सांगितलेले आहे. मराठीत त्यासाठी 'धूप' हा उत्तम शब्द असता भाषांतरकार 'मृदेचा ऱ्हास' असे लिहून मोकळा होतो. धूप म्हटली की बांध घालण्याचे सुचते; ऱ्हास म्हटला की काहीच सुचत नाही.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. १९६३ साली महाराष्ट्रात कायदा होऊन राज्यातील कायद्यांतून दुष्काळवाचक 'फॅमिन' हा शब्द वगळण्यात आला आणि त्याच्या जागी टंचाईवाचक 'स्कॅर्सिटी' शब्द आला. परिस्थिती दुष्काळाच्या थराला जाऊच दिली जाणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. दहा वर्षे उलटण्यापूर्वीच १९७२ साल उजाडले. मराठवाड्यातील माणसे पोटासाठी खडी फोडू लागली. कागदोपत्री ती टंचाई होती. लोकांच्या तोंडी मात्र तो दुष्काळच राहिला, आजही आहे.

त्याच १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील ज्ञान बांधापर्यंत जावयाचे, तर ते बांधावरच्या शब्दांतूनच जाईल. अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाने आणि निबंध तपासणाऱ्या शिक्षकाने 'ऱ्हास' हा शब्द आला, की नेमके काय झाले, आटले की झिजले की कोणी उपसून नेले, असा प्रश्न करावा. रोगाचे नाव मोघम राहिले, तर औषधही मोघमच मिळते.