उंदरीण म्हातारी होते तेव्हा

मुळशीच्या भातखाचरांत उंदरीण म्हातारी होईपर्यंत सहसा जगतच नाही. साप नाहीतर घुबड तिला आधीच गाठतं. म्हणून वाढत्या वयात तिच्या शरीरात काय बदलतं, ते प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवरूनच कळलं.

तरुण मादीचं प्रजननचक्र 4 ते 5 दिवसांचं. बाईसारखी पाळी तिला येत नाही, पण दर चक्रात हार्मोन चढतात-उतरतात अन् अंडी सुटतात. वय वर्षभराच्या आसपास आलं की हे चक्र बिघडू लागतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून अंडी सोडण्याचा जो इशारा येतो, एलएच, तोच कमी पडतो. अंडाशयात अंडी शिल्लक असतात, इस्ट्रोजेनही बनत राहतं, तरी पिल्लं होत नाहीत.

बाईचं तसं नाही. तिची अंडीच संपत येतात, इस्ट्रोजेन घटतं आणि बहुधा 45 ते 50च्या दरम्यान पाळी थांबते. म्हणून ‘उंदरांवर गुण आला’ एवढं ऐकून कुठलंही औषध घेऊ नका.

आपल्या घरांत अम्मी, खाला, आपा यावर बोलायला लाजतात. आम्ही एवढंच सांगतो: वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर शरम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.