पहाटे चारचा हट्ट कशाला?

भिवंडीत यंत्रमागाची रात्रपाळी सुटते तेव्हा बाकीचं शहर नुकतंच दिवसाला लागत असतं. रात्रभर मागासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी 'पहाटे चारला उठशील तरच देव पावेल' असं सांगितलं की मला फार वाईट वाटतं. कारण असा नियम आपल्या परंपरेतच नाही.

गैरसमज : ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटे चार.

मुहूर्त म्हणजे दिवस-रात्रीचा तिसावा भाग, ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे तो घड्याळावर नाही, सूर्यावर ठरतो. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा तो साधारण ४.२५ ते ५.१० असतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणून तो सरकून ५.४० ते ६.२५ होतो. फजरच्या नमाजाचंही तसंच. त्याची वेळ पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून मशिदीतलं वेळापत्रक वर्षभर बदलत राहतं.

गैरसमज : आंघोळ झाल्याशिवाय देवाचं नाव घेऊ नये.

आंघोळीचा दंडक पूजेला आहे, नामाला नाही. नाम घ्यायला काळवेळेचं बंधन नाही, हे ज्ञानदेवांच्या हरिपाठातच आहे; अंथरुणात बसून हात जोडले तरी चालतं. नमाजालाही रोज पूर्ण आंघोळ लागत नाही. ती ठरावीक प्रसंगीच. एरवी वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, पुरतो आणि पाणीच नसेल तर तयम्मुमची, म्हणजे स्वच्छ मातीनं शुद्ध होण्याची, मुभा आहे.

आंघोळीवरून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आठवतात. ती आपल्याच तालुक्यातली. पहाटेच्या गारठ्यात तिथं स्नान करून देवीचं दर्शन घेणं फार सुंदर. पण खाली ज्वालामुखी धगधगतोय, ही समजूत चुकीची. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. त्वचेचा आजार बरा व्हावा म्हणून तिथं जात असाल, तर स्नान करावं की नाही हे डॉक्टरांना विचारावं, आणि औषध सोडू नये.

गैरसमज : २१ दिवस नेम केला की सवय लागते, एक दिवस चुकला की सगळं फुकट.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही. तेव्हा पाळी बदलली आणि माळ राहिली, तर दुसऱ्या दिवशी ओढावी.

झोप मोडून उपासना करण्याला मात्र माझा विरोध आहे. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, आणि अर्धवट झोपेत मागावर हात चालवणं धोक्याचं. रात्रपाळीवाल्यानं घरी येऊन निवांत झोपावं, दुपारी डोळे उघडतील तेव्हा आधी नाम घ्यावं, मग मोबाइल. खरं तर ब्राह्ममुहूर्ताला आणि फजरला तो जागाच असतो, मागासमोर. त्याला वेगळं उठायची गरज नाही. हवी ती दहा मिनिटांची मोकळीक, आणि तेवढा वेळ त्याचे माग शेजारच्यानं सांभाळावेत अशी व्यवस्था कारखानदार सहज करू शकतो.