आफ्रिकेतल्या शाळेसाठी बोअर: पैसे देण्याआधी काय विचारावे?

रमजान जवळ आला की आपल्या मोबाईलवर आवाहनं सुरू होतात. "आफ्रिकेतल्या गावात शाळेसाठी बोअर मारायची आहे, मरहूम अम्मी-अब्बांच्या नावाने हिस्सा घ्या." सोबत गढूळ पाणी भरणाऱ्या लेकरांचा फोटो. मन हेलावतं आणि हात खिशाकडे जातो. जायलाच हवा. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचा इंतकाल झाला, तेव्हा कोणता सदका उत्तम असं त्यांनी विचारलं. नबी करीम (स.) यांनी पाणी सांगितलं आणि साद यांनी आईच्या नावाने विहीर खोदली. ही हदीस आपण सगळे जाणतो.

गरजही खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 57 कोटी मुलांच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची साधी सोयही नव्हती. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत परिस्थिती फार बिकट आहे. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे याचा अर्थ लगेच कळतो. शाळेत पाणी नाही म्हणजे संडास वापरता येत नाही, पोटाचे आजार वाढतात, हजेरी घटते. मोठ्या मुलींचं शिक्षण तर सगळ्यात आधी सुटतं.

बोअर मारली, पुढे काय?

आफ्रिकेतले असंख्य हातपंप आज बंद पडून आहेत. वीसेक देशांची माहिती एकत्र केली तेव्हा साधारण तीनपैकी एक पंप चालत नसल्याचं दिसलं. कारणं साधी असतात: वॉशर झिजलं, पाईप गंजला, सुटा भाग तालुक्यालाही मिळत नाही, दुरुस्तीला पैसा नाही.

एक उदाहरण शाळांचंच आहे. दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' निघाला. मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी वर टाकीत चढेल, अशी कल्पना. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली, 2010 पर्यंत 4000 पंपांचं लक्ष्य ठेवलं गेलं. एका पंपाचा खर्च सुमारे 14 हजार डॉलर. पण ठरवलेलं पाणी काढायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश वर्तमानपत्राने मांडला! मोझांबिक आणि मलावीत शेवटी बायकांनाच ते जड चक्र ढकलावं लागलं. बिघडलं की गावात दुरुस्त करणारा कुणी नव्हता.

याउलट आपल्याकडचा साधा हापसा बघा. जालना आणि सोलापूरच्या कामातून सुधारत गेलेला पंप 1970 च्या दशकात 'इंडिया मार्क टू' झाला आणि आफ्रिकेच्या कित्येक देशांत पोहोचला. युगांडाने तर त्यावरूनच आपला प्रमाणित पंप ठरवला. तिकडचा 'आफ्रिदेव' पंप गावकऱ्यांनाच उघडता येईल असा बनवला आहे. म्हणजे त्या देशात जो पंप सरकारमान्य आहे, ज्याचे भाग बाजारात मिळतात, तोच बसवायला हवा.

हे प्रश्न जरूर विचारा

1. पाण्याची तपासणी कोण करणार? स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. केनिया, टांझानिया, इथिओपियाच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे. 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा ओलांडली की मुलांचे दात आणि हाडं बिघडतात.
2. पंप कुणाच्या ताब्यात? शाळा आणि गावाची कमिटी आहे का? त्यात बायका आहेत का?
3. दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवली आहे का?
4. दोन वर्षांनंतरचा अहवाल मिळेल का? उद्घाटनाचा फोटो सगळेच पाठवतात.
5. जवळ बंद पडलेला पंप आहे का? असेल तर तोच दुरुस्त करणं नव्या बोअरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

हा पाचवा प्रश्न आपल्या लोकांना जड जातो, कारण दुरुस्तीवर नावाची पाटी लागत नाही. पण सवाब पाटीला नाही, पाण्याला आहे.

पैसे कसे द्यावे?

जकात की सदका, हे आधी आलिमांना विचारा. हनफी फिक्हनुसार जकातीत गरजूला मालक बनवणं लागतं, म्हणून सार्वजनिक बोअरसाठी सहसा सदका किंवा लिल्लाह रक्कमच देतात.

रक्कम परदेशी पाठवायची तर बँकेतूनच, रिझर्व्ह बँकेच्या नियमात. हुंडीने अजिबात नाही. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर 80जी ची सवलत मिळत नाही. मोहल्ल्यात किंवा ट्रस्टच्या पावतीवर वर्गणी जमवणार असाल, तर आधी सीएला विचारा. भारतातल्या ट्रस्टला बाहेरच्या देशात खर्च करण्यावर बंधनं आहेत.

कोकणातली कित्येक मुस्लिम घराणी केपटाऊन आणि केनियात पिढ्यानपिढ्या राहतात. तिथे कुणाचे चाचा, मामू, खाला असतील तर रक्कम देण्याआधी एक फोन करा. ती संस्था तिथे खरंच काम करते का, एवढं जरी त्यांनी विचारून सांगितलं तरी खूप झालं. पैसा आपला असला तरी तो त्या लेकरांची अमानत आहे. तेव्हा विचारायला संकोच नको.