वहीतली उधारी, पाकिटातली उधारी

१४ एप्रिल २०१७. बाबासाहेबांची जयंती आणि नागपूरचे एप्रिलातले ऊन. मानकापूरच्या क्रीडासंकुलात त्या दिवशी पंतप्रधानांच्या उपस्थितीत एक कोटी रुपयांचे बक्षीस दिले गेले. नोटाबंदीनंतर लोकांनी रोखीऐवजी कार्डाने, मोबाइलने व्यवहार करावेत म्हणून सरकारने ‘लकी ग्राहक योजना’ काढली होती. तिचे पहिले बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला लागले. तिने रुपे कार्डाने १,५९० रुपये भरले होते. कशाचे? तर नव्या मोबाइलच्या हप्त्याचे.

एक कोटीचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या डोक्यात मात्र तो हप्ता घर करून बसला. उभी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाची नजर जरा वाकडीच असते. त्या एका व्यवहारात दोन प्रकारचे पैसे होते. कार्डाने गेले ते तिच्या खात्यातले, म्हणजे घरचे. मोबाइल आला तो हप्त्यावर, म्हणजे उधारीचा. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या जयंतीला, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय असलेल्या या शहरात, एवढा फरक कुणी मोठ्याने सांगायला हवा होता असे मला वाटत राहिले.

कारण हा फरक लोकांना खरोखर ठाऊक नसतो. निवृत्तीनंतर मला माझ्या कादंबऱ्यांविषयी विचारणारे क्वचित भेटतात. कार्डाविषयी विचारणारे दर आठवड्याला. त्यातल्या निम्म्यांना आपल्या पाकिटात डेबिट कार्ड आहे की क्रेडिट कार्ड, हे काढून पाहावे लागते. त्यांचाही दोष नाही. दोन्ही कार्डे आकाराने सारखी, दोघांवर सोनेरी चिप, दोघांवर लांबलचक आकडा. पण एक आहे आपल्याच तिजोरीची किल्ली, आणि दुसरी आहे किराणा दुकानातली उधारीची वही.

ही वही काय चीज होती, ते आजच्या पंचविशीतल्या मुलांना सांगावे लागते. आमच्या लहानपणी महालातल्या दुकानात लाल कापडी बांधणीची लांबट वही असे. महिनाभर तेल-साखर-डाळ त्यात चढायची आणि पगाराच्या दिवशी बाकी चुकती व्हायची. व्याज नसे, निदान उघड तरी नसे. भावात काय धरले होते ते दुकानदार जाणे. पण त्या वहीला चेहरा होता. एखाद्या महिन्यात बाकी फार वाढली, की दुकानदार पुडी बांधता बांधता हळूच म्हणायचा, “बाई, मागचं होऊन जाऊ द्या ना जी पहिले.” एवढेच. आई घरी येऊन चहातली साखर कमी करी. त्या माणसाला वडिलांचा पगार माहीत होता, घरात खाणारी तोंडे माहीत होती, आणि आपली उधारी बुडू नये म्हणून का होईना, तो वेळेवर हात आखडता घेत होता. फार मोठेपणा होता असे नव्हे. चारचौघांत बोलणी खावी लागू नयेत ही धास्तीही त्यात होतीच आणि ती गरिबाला जास्त बोचायची.

कार्डाला हा चेहरा नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेत लागलो, तेव्हा आपल्या देशात बँकेचे क्रेडिट कार्ड नुकतेच आले होते. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली पहिले कार्ड काढले. आम्हा कारकुनांच्या लेखी ती उद्योगपतींची चैन होती. आमच्या काउंटरवर पितळी टोकन चालत होते. चेक द्यायचा, टोकन घ्यायचे आणि बाकावर बसून नंबर पुकारण्याची वाट पाहायची. मुंबईत १९८७ साली एचएसबीसी बँकेने देशातले पहिले एटीएम बसवले, तेव्हा आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ रोखपालांनी विचारले होते, “फाटकी नोट आली तर परत कुणाच्या तोंडावर मारायची?” प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. जाता जाता सांगतो, जगातल्या पहिल्या नोटा देणाऱ्या यंत्राचे श्रेय ज्यांना बहुधा दिले जाते, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगला. त्यांचे यंत्र १९६७ साली लंडनमधल्या एनफिल्डला लागले. गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा त्यांचा विचार होता. पत्नी म्हणाली, मला चारच लक्षात राहतील, म्हणून तो चार अंकी झाला, असे ते सांगत. घरातल्या बाईचे ऐकले की यंत्रसुद्धा सोपे होते!

असो. गेल्या वर्षी माझी भाची मिहानमधल्या एका कंपनीत लागली. पहिला पगार झाला आणि आठवड्याभरात तिला क्रेडिट कार्डासाठी तीन फोन आले. ती घरी आली ती मनाशी ठरवूनच.

“मामा, फ्री आहे म्हणते तो. पहिल्या वर्षी काहीच लागत नाही.”

“आणि बिल?”

“बिल काय, थोडं थोडं भरता येते ना. दोन हजार भरले तरी चालते.”

हे ‘थोडं थोडं’ म्हणजे बिलावरची ‘किमान देय रक्कम’. माझ्या मते कार्डाच्या सगळ्या कागदपत्रांत याहून गोड आणि याहून महाग शब्द नाही. मी तिला कागद-पेन्सिल दिली आणि हिशेब तिच्याकडूनच करून घेतला. बिल ४०,००० रुपयांचे धर. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर. बऱ्याच कार्डांवर ते याच्या आसपासच असते, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के झाले. त्या महिन्याचे व्याज १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे तुझ्या दोन हजारांतले १,६५२ रुपये व्याज आणि करातच गेले. मुद्दल किती फिटले?

“तीनशे अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली आणि पुन्हा एकदा बेरीज तपासू लागली.

पुढचा हिशेब मी केला. एक पैशाचीही नवी खरेदी न करता ती दर महिन्याला अशी पाच टक्केच भरत गेली, तर साडेसहा वर्षांनीही जवळजवळ अर्धे कर्ज डोक्यावर उभे असेल. आणि नवी खरेदी होणार नाही असे कोण म्हणतो? इथे आणखी एक खाच आहे. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, हे खरे. पण मागची बाकी राहिली, की ही सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. क्रेडिट कार्ड घालून एटीएममधून रोख काढली तर ती सवलत मुळातच नाही. उचलल्या दिवसापासून व्याज, शिवाय वेगळे शुल्क. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते असा इशारा बिलावर छापण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो छापलेला असतो. अक्षर बारीक असते, एवढेच.

या व्याजाला वरून झाकण आहे का? २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कार्ड घेताना दराचा कागद मागून वाचणे, हे आता ज्याचे त्याने करायचे काम आहे.

आमच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या मुलाने पहिले कार्ड घेतले ते रेल्वेच्या तिकिटांसाठी. मग फ्रिज, मग मित्राच्या लग्नातले कपडे. पहिल्याचे बिल भरायला दुसरे कार्ड, दुसऱ्याचे भरायला तिसरे. वसुलीवाल्याचा फोन गुरुजींच्या मोबाइलवर आला, तेव्हा कुठे घरात कळले. गुरुजींनी ग्रॅच्युइटीची मुदत ठेव मोडली आणि सगळे चुकते केले. नंतर बागेच्या कठड्यावर बसून मला म्हणाले, “साहेब, पैशाचं जाऊ द्या. तीन वर्षं एका ताटात जेवलो जी आम्ही. पोरगा एका शब्दानं बोलला नाही.”

मला वाटते, वही आणि कार्ड यांतला खरा फरक हा आहे. वहीतली बाकी गल्लीला माहीत असे. पुढे कार्डाचे बिल टपालाने येई, तेव्हा निदान पाकीट कुणाचे म्हणून घरात चौकशी व्हायची. आता ते मोबाइलवर येते आणि मोबाइल उघडतो फक्त त्याच्या अंगठ्याने. एकाच छताखाली चार माणसांच्या चार उधाऱ्या चालू असतात आणि कुणाला कुणाची खबर नसते. म्हणून भाचीला मी एकच अट घातली. कार्ड घे, पण दर महिन्याला बिल आले की आईला वाचून दाखव. परवानगी मागायची नाही, नुसते वाचायचे. ती आधी फुरंगटली. मग म्हणाली, “पण आईनं तिच्या भिशीचाही हिशेब सांगितला पाहिजे मग.” बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला ही मागणी एकदम रास्त वाटली.

आणि हो, कार्ड घेच असे मी तिला म्हणालो, ते उगाच नाही. उद्या घराचे कर्ज काढायचे झाले, तर बँक आधी सिबिलसारख्या संस्थेकडे तिची परतफेडीची नोंद पाहते. ३०० ते ९०० मधला तो गुणांक वेळच्या वेळी भरलेल्या छोट्या बिलांतून चांगला बनत जातो. आपला पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मागता येतो; तो मागावा. ज्यांना पगाराची चिठ्ठी नाही, अशा गृहिणींना किंवा छोट्या धंदेवाल्यांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळते. पहिल्या कार्डासाठी मला तर हाच मार्ग सगळ्यांत बरा वाटतो, कारण मर्यादा आपल्याच ठेवीएवढी, किंबहुना तिच्याहून थोडी कमीच असते.

नियमही पुष्कळ आपल्या बाजूचे झाले आहेत; आम्ही काउंटरवर होतो तेव्हा इतके नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न मागितलेले क्रेडिट कार्ड बँकेला देता येत नाही. देऊन त्याचे पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. बाकी शून्य असताना कार्ड बंद करायला सांगितले, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे. पुढे रोज ५०० रुपये दंड. २०२० पासून नवे कार्ड हातात येते ते देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतेच चालू असते. ऑनलाइन किंवा परदेशातला वापर आपण सुरू केला तरच सुरू होतो, आणि मर्यादाही आपणच ठरवायची. भाचीने ती दहा हजारांवर आणून ठेवली आहे.

फसवणुकीचे मात्र दोन शब्दांत आटोपत नाही. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिला की, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारायचे नाही. लोक ‘तीन दिवस’ तेवढे लक्षात ठेवतात आणि ‘चूक नसताना’ विसरतात. फोनवर ओटीपी सांगितला, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या आधी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. रडणे, एकमेकांना बोलणे नंतर. माझ्या पाहण्यातली माणसे पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मुले काय म्हणतील या लाजेने दोन-दोन दिवस गप्प बसली आहेत. त्या दोन दिवसांत खाते धुऊन निघते.

डेबिट कार्डाची गंमत याच्या उलट आहे. क्रेडिट कार्ड फार वापरले जाते म्हणून घात होतो, तर डेबिट कार्ड पुष्कळ घरांत वापरलेच जात नाही म्हणून नुकसान होते. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली, घरोघरच्या बायकांच्या नावे खाती उघडली आणि रुपे कार्डे मिळाली. त्या कार्डासोबत अपघाती विमा आहे. एक लाखाचा, आणि २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा. पण त्याला अट अशी की, अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले असले पाहिजे. आता ही कार्डे असतात कुठे? गोदरेजच्या कपाटात, साडीच्या घडीत, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. आणि पिन पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे कार्ड असेच चार वर्षे डाळीच्या डब्यात होते. विम्याची अट त्यांना सांगितली, तेव्हा आधी विश्वास बसेना. मग माझी पत्नी त्यांना घेऊन गोकुळपेठेतल्या एटीएमवर गेली. पिन बदलला आणि तो पाहताना मावशींनी पत्नीलाही पाठ करून उभे केले. बरोबरच होते ते. शंभराची नोट आली, ती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. आता दर दोन महिन्यांनी कामावर यायला त्यांना अर्धा तास उशीर होतो. का म्हणून विचारले, तर म्हणतात, “मशीनवर हजेरी लावून आली ना जी.”