शेरीफच्या नजरेचे १० डॉलर

मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल, निव्वळ मानाचं पद. कुणाच्या गाडीच्या काचेतून वाकून नंबर वाचा, असं त्यांना कुणी सांगणार नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मात्र शेरीफ काउंटीतून निवडून येतो, आणि हे वाकणं त्याच्या खात्याच्या नेहमीच्या कामात मोडतं. न्यू जर्सीहून ओमाहाला बिऱ्हाड हलवलं, की गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नेब्रास्काचं करून घेण्याआधी ती शेरीफच्या माणसाला दाखवायची. फी १० डॉलर.

हे आपलं फिटनेस सर्टिफिकेट नव्हे. ब्रेक लागतात का, धूर किती, याची चौकशी नाही. गाडीवरचा ‘व्हिन’, म्हणजे आपला चासी नंबर, कागदावरच्या नंबराशी ताडायचा, मीटरवरचं रीडिंग टिपायचं, सही. आपल्याकडे आरटीओच्या फॉर्मवर त्याच नंबराचा पेन्सिल घासून छापा घेतात, तसलंच हे.

एवढ्यासाठी माणूस कशाला? अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून हा नंबर १७ अक्षरी आहे. आय, ओ आणि क्यू त्यात नसतात. १ आणि ० यांच्याशी घोळ नको म्हणून. नववी जागा राखणदाराची. अक्षरांचे आकडे करायचे, प्रत्येकाला ठरलेल्या वजनाने गुणायचं, बेरजेला ११ने भागायचं. उरेल ती बाकी त्या जागी, १० उरले तर एक्स. मनाने रचलेला नंबर इथे बहुधा पकडला जातो.

पण चोर रचत नाही, उसना घेतो. तशाच दुसऱ्या गाडीचा खरा नंबर चोरीच्या गाडीवर चढवला, तर गणित बिनचूक सुटतं. मग डॅशबोर्डवरच्या पट्टीचे रिव्हेट उचकटलेत का, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तोच नंबर आहे का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. १० डॉलर त्या डोळ्यांचे.

दर राज्याच्या कायद्यातला, म्हणून ९३ काउंट्यांत एकच. पैसे मात्र काउंटीच्या तिजोरीत, शेरीफच्या तपासणी खात्यावर जमा होतात. दर ठरवणार राज्य, राबणार काउंटी. आपल्या नगरपालिकांना ही तऱ्हा नवी वाटू नये. मला त्यातली एक गोष्ट पटते: ज्या खात्याकडे गाडी चोरीला गेल्याची तक्रार जाते, तेच खातं नंबरही वाचतं.

तपासणीचा कागद मिळाला, की पुढची खिडकी काउंटी ट्रेझररची. टायटलचे पैसे तिथे वेगळे.